अ‍ॅल्युमिनियमची जागा ठरली: जस्ताच्या वर, पण कॉस्टिकमध्येच

मंडळी, जस्त हरलं! अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर करडा थर चढलाय आणि तो जस्ताचाच आहे याचा पुरावाही मिळालाय. एका धातूच्या क्षाराच्या द्रावणात दुसरा धातू बुडवायचा, आणि जो समोरच्याला द्रावणातून हुसकावून लावेल तो वरचा, म्हणजे जास्त क्रियाशील: अशा खेळातून मॅग्नेशियम, जस्त, लोखंड, तांबं, चांदी हा क्रम मागच्या भागात लागला होता. अडलं होतं ते अ‍ॅल्युमिनियमपाशी, आणि त्या एका धातूनेच सगळा वेळ खाल्ला.

नेहमीचं मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण, 100 मिलिला साडेबारा ग्रॅम. त्यात घासलेला खिळा काही मिनिटांत तांबूस होतो. लोखंडाचं प्रमाण विभव (जितकं ऋण, तितका धातू क्रियाशील) −0.44 व्होल्ट, अ‍ॅल्युमिनियमचं −1.66. या हिशेबाने अ‍ॅल्युमिनियमने धुमाकूळ घालायला हवा. पट्टी रात्रभर बुडवून ठेवली, सकाळी जशीच्या तशी चकचकीत. कारण आपल्या सगळ्यांना पाठ आहे: जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर. पण पाठ असून उपयोग काय? पॉलिश पेपरने घासा, हवा लागताक्षणी थर परत तयार. द्रावणात बुडवून घासलं तर तांब्याचे चार ठिपके दिसले, बस.

मग चिमूटभर मीठ टाकलं. आधी बुडबुडे, मग तांबड्या-तपकिरी भुग्याची वाढ, आणि पॅलेटची खाच (प्रत्येक द्रावणाला एक खाच) हाताला गरम लागायला लागली. निळं द्रावण हिरवटलं. मिठाच्या जागी म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) टाकलं तरी तेच. मॅग्नेशियम सल्फेट टाकलं तर ढिम्म. म्हणजे कुठलाही क्षार चालत नाही, क्लोराइडच लागतं. तेच त्या थराला जागोजागी भोकं पाडतं.

इथे थांबता आलं असतं, पण मन मानेना. अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या वर आहे, एवढंच यातून सिद्ध होतं. जस्ताचं काय? झिंक सल्फेटमध्ये मीठ घालून पट्टी ठेवली, डोळ्यांना दिसण्यासारखं काही झालं नाही. बरं, एका खाचेत मीठ घालायचं तर न्यायाने सगळ्याच खाचांत घालायला हवं, आणि सिल्व्हर नायट्रेटमध्ये मीठ पडलं की चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन पांढऱ्या साक्यात बसते. त्यात मल्टिमीटरने आगीत तेल ओतलं. मिठाच्या पाण्यात जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम शेजारी ठेवून मोजलं, तर जस्तच ऋण टोक, म्हणजे मीटरच्या मते जस्तच जास्त क्रियाशील! समुद्राच्या पाण्यासाठी धातूंची जी गॅल्व्हॅनिक श्रेणी देतात तिच्यातही जस्त अ‍ॅल्युमिनियमच्या वर असतं, म्हणजे मीटर खरंच बोलत होता. पुस्तकातला क्रम उघड्या धातूचा, आपल्या पॅलेटमधला थर पांघरलेल्या धातूचा.

तोडगा निघाला प्लेटिंगवाल्यांकडून. अ‍ॅल्युमिनियमवर निकेल चढवण्याआधी ते त्याला झिंकेटमध्ये (कॉस्टिक सोड्यात विरघळवलेल्या जस्ताच्या द्रावणात) बुडवतात. कॉस्टिक त्या थराला विरघळवतं आणि परत बनू देत नाही. उघड्या पडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर द्रावणातलं जस्त येऊन बसतं. ही विस्थापन अभिक्रियाच की! 50 मिलि पाण्यात 10 ग्रॅम कॉस्टिक सोडा (कॉस्टिक पाण्यात टाकायचा, पाणी कॉस्टिकवर नाही), गार झाल्यावर त्यात 5 ग्रॅम झिंक सल्फेटचं द्रावण थोडं थोडं, ढवळत. आधी पांढरा साका येतो, मग विरघळतो. खाली तपकिरी गाळ राहिला तर बहुधा खताच्या झिंक सल्फेटमधलं लोह. निवळी ओतून घ्या. पट्टी मिनिटभर बुडवली, एकसारखी करडी होऊन बाहेर आली. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करा, खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको, हायड्रोजन सुटतो. फॉइल वापरू नका, कॉस्टिक तिला खाऊन टाकतं.

करडं म्हणजे जस्तच कशावरून? पट्टी धुऊन थेट बिनमिठाच्या मोरचुदात घातली. बुडवलेला भाग बघता बघता काळा पडला आणि मग तांबूस झाला. वरचा कोरा भाग तसाच पांढरा. एकाच पट्टीवर मधोमध रेघ! या रेघेचे फोटो मी नको तितके काढलेत.

सामानाबद्दल थोडं. मोरचूद, झिंक सल्फेट, पोटॅश सगळं कृषी सेवा केंद्रात मिळतं. दुकानातले काका मात्र "बाग किती एकर?" असं विचारतात आणि पाव किलो ऐकून हसतात. झिंक सल्फेट साधं हेप्टाहायड्रेट, 21 टक्केवालं घ्या. चिलेटेड झिंक अजिबात नको, त्यातलं जस्त ईडीटीए नावाच्या रसायनाने धरून ठेवलेलं असतं. खिडकीच्या सेक्शनचे तुकडेही टाळा, ते अ‍ॅनोडाइज्ड (मुद्दाम जाड ऑक्साइड चढवलेले) नाहीतर पावडर कोटेड असतात. विजेची अ‍ॅल्युमिनियम वायर सोलून चपटी ठोकली की उत्तम पट्टी होते. उरलेलं निळं पाणी मोरीत ओतू नका, त्यात भंगार खिळे टाकून निळेपणा जाईपर्यंत ठेवा.

पुढचा भाग कथलाचा ठरला होता, बिनशिशाची सोल्डर वायरही आणून ठेवलीय. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: गीझरच्या अ‍ॅनोड रॉडचा (टाकी गंजू नये म्हणून आत बसवलेल्या दांड्याचा) मॅग्नेशियमचा तुकडा याच झिंकेटमध्ये घातला तर? विभव −2.37, म्हणजे कागदावर तो अ‍ॅल्युमिनियमलाही भारी. पण कॉस्टिक मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडला विरघळवत नाही, उलट तोच थर अंगावर घट्ट बसेल. माझा अंदाज, काही होणार नाही. कथील थांबेल. तुमच्यापैकी कुणी आधी करून पाहिलं तर रॉड मॅग्नेशियमचाच होता ना ते तपासून सांगा, काही गीझरमध्ये अ‍ॅल्युमिनियमचेही असतात.