हळे गाडी

जुलैतली रात्र, पाऊस थांबायचं नाव घेईना. पहाटे काहीतरी मोडल्याचा आवाज आला. मला वाटलं, शेजारच्यांचा पत्रा उडाला. दार उघडून बघते तर बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या गल्लीतला गुलमोहर वॅगनआरच्या टपावर आडवा. 2012 ची गाडी, केए-22 ची. खानापूरच्या शाळेला रोज हिनंच नेलं-आणलं. टप सीटच्या पाठीला टेकलेला, दारांच्या काचांची खडीसाखर झालेली. डॅशबोर्डातली सौंदत्तीच्या भंडाऱ्याची पुडी तेवढी कोरडी राहिली होती.

फोटो काढले, झाड हलवायच्या आधी विमा कंपनीला कळवलं. गाडी उद्यमबागेतल्या आमच्या नेहमीच्या गॅरेजला ओढून नेली. गॅरेजच्या मामांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "बाई, टोटलच की हे." दुरुस्तीचा त्यांचा अंदाज निघाला 1,74,000 चा.

दोन दिवसांनी नुकसान तपासायला हुबळीहून विम्याचे सर्व्हेअर आले. माणूस सभ्य. माझं कन्नड मोडकं, त्यांचं मराठी त्याहून मोडकं, म्हणून बोलणं मधल्या हिंदीत चाललं. पार्टांवर निम्मा घसारा, म्हणजे जुनेपणामुळे घटलेली किंमत, कापला तरी त्यांचा खर्चाचा आकडा 1,12,000 वर गेला. माझ्या पॉलिसीवर आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, 1,38,000, त्याचे 75 टक्के म्हणजे 1,03,500. खर्च त्याच्या वर गेला की गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, धरतात. इथवर दोघांचं एकमत होतं. मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, हळे गाडी री (जुनी गाडी हो). बाजारात हिला 90,000 च्या वर कोण देणार? तेवढ्यात मिटवू."

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. बारा-तेरा वर्षांची गाडी, त्यात आपण शिक्षक माणसं, पैशावरून वाद घालायची लाज वाटते. पण घरी येऊन पॉलिसीचे बारीक अक्षरांचे कागद भिंग लावून वाचले. त्यात सरळ लिहिलेलं, टोटल लॉसच्या दाव्यात पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हीच बाजारभाव धरायची, आणखी घसारा लावायचा नाही. मग बाजारात आज कोण काय देतो हा प्रश्नच कुठून आला?

दुसऱ्या दिवशी भांडले नाही. त्या ओळीवर पेन्सिलीनं खूण केली, फोटो काढून ईमेलला जोडला आणि लिहिलं, 90,000 कोणत्या कलमानं ते लेखी कळवा, सर्व्हे रिपोर्टची प्रतही द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे जाईन, तिथं फी लागत नाही, हेही लिहिलं. पाच दिवसांनी फोन आला. 1,38,000 मान्य, त्यातून दाव्यात आपण सोसायचे सक्तीचे 1,000 वजा.

खरी घासाघीस पुढे झाली, भंगारावरून. कंपनी म्हणाली, सांगाडा 38,000 चा, तेवढे कापून 99,000 देतो, गाडी तुम्ही ठेवा. मी ऑटोनगरातल्या भंगारवाल्यांकडे विचारून आले होते. तिथला भाव 30,000. म्हटलं, 38,000 ला घेणारा तुमच्याकडे आहे ना? मग त्यालाच पाठवा, त्यानं माझ्या हातात 38,000 ठेवावेत आणि तुम्ही 99,000 द्या. दोन दिवस शांतता. मग गिऱ्हाईक आला. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, रद्द झाल्याचा कागद मिळेपर्यंत गाडी हलवू दिली नाही. आपल्या नावाची गाडी उद्या कुठं, कोणाच्या हाती सापडेल, कुणी सांगावं.

आता माझी चूकही लिहिते. वर्षापूर्वी नूतनीकरणाच्या वेळी एजंट म्हणाला होता, "बाई, आयडीव्ही 1,65,000 ऐवजी 1,38,000 लावूया का, हप्ता थोडा कमी बसेल." पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि आपण मिळून ठरवायची असते, त्यामुळे अशी कमी लावलेली चालते. मी भाजी निवडत होते, "लावा की" म्हणाले. वाचले असतील चार-सहाशे रुपये. गेले सत्तावीस हजार. सर्व्हेअरशी भांडून 47,000 वाचवले, त्यातले सत्तावीस एजंटशी न भांडल्यामुळे आधीच घालवले होते.

गाडी नेताना ऑटोनगरच्या पोरानं डिकी उघडली आणि हाक मारली, "अक्का, छत्री राहिली बघा." आईची काळी छत्री होती, दोन वर्षं शोधत होतो. तेवढी घेऊन घरात आले.