पावसाळी मुलुखगिरी : बडोद्याहून ओख्यापर्यंत

बडोद्यातल्या मराठी घरात ‘समुद्रावर जाऊ या’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते कोकण. तीन पिढ्यांत तिकडे कोणी फिरकलेलं नसलं तरी सुट्टीचा बेत गणपतीपुळ्यापासूनच सुरू होतो. आपल्या गायकवाडांच्या राज्यालाही स्वतःचा समुद्र होता आणि तो तुकड्यातुकड्यांनी पार ओख्यापर्यंत पोचला होता, हे मात्र फार थोड्यांच्या गावी असतं. कोडीनार अमरेली प्रांतात, तर द्वारका, ओखा आणि बेट द्वारका ओखामंडळात. मधे भावनगर, जुनागढ, पोरबंदर, जामनगर अशी दुसऱ्यांची राज्यं. 1 मे 1949 ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा हा सगळा विखुरलेला पसाराही नकाशावरून पुसला गेला. मला तो गाडीनं, एकटीनं आणि भर पावसात बघायचा होता.

पावसातच का, तर काठेवाड एरवी डोळ्यांना टोचतो. उन्हाळ्यात पांढरं ऊन आणि बाभळी, हिवाळ्यात सोमनाथ-द्वारकेला पाय ठेवायला जागा नाही. जुलैत मात्र शेंगदाण्याची शेतं हिरवीगार, हॉटेलं अर्ध्या भावात आणि समुद्र खवळलेला. मला पोहायचं नव्हतंच. आत्याला हे पटलं नाही. “अगं, पावसात तर गायकवाडांची फौजसुद्धा घरी बसायची,” ती म्हणाली. खरंच आहे ते. काठेवाडच्या संस्थानिकांकडून खंडणी गोळा करायला फौज जायची ती दसऱ्यानंतर. ह्या वार्षिक स्वारीला मुलुखगिरी म्हणत. 1807-08 मध्ये बडोद्याचा इंग्रज रेसिडेंट कर्नल वॉकर ह्यानं खंडणीचे आकडे कायमचे ठरवून दिले आणि ते प्रकरण मिटलं. माझ्याकडे वसूल करण्यासारखं काही नव्हतं. जुनी हॅचबॅक, नवे वायपर, चारही टायर तपासलेले आणि आत्यानं शेवटी बडबडत का होईना दिलेला चिवड्याचा डबा.

वासद, तारापूर, वटामण हा रस्ता बडोदेकरांच्या पायाखालचा. खरा प्रवास वटामणनंतर, भाल ह्या सपाट मुलखात शिरल्यावर सुरू होतो. भालात दगड नाही, टेकडी नाही, झाड दिसलंच तर गांडा बावळ, म्हणजे वेडी बाभूळ. पाऊस येताना लांबूनच दिसतो, आणि मग तुम्ही त्याच्यात शिरता की तो तुमच्यावर येतो, ते कळत नाही. पाणी जिरत नाही, शेतांत नुसतं उभं राहतं. ह्याच ओलीवर पुढे हिवाळ्यात वरून पाणी न देता भालिया गहू येतो, म्हणून इथला शेतकरी ह्या तळ्यांकडे बघून खूश असतो. वेळावदरचं काळवीट राष्ट्रीय उद्यान पावसाळ्यात बंद. फाटा आला आणि गेला.

भावनगर सोडून तळाजाकडे निघालं की त्रापज आणि मग अलंगचा फाटा. अलंगला जहाजं मोडतात, 1983 पासून. इथेच का, ह्याचं उत्तर आखातात आहे. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो. मोठ्या उधाणाच्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या जोरावर सरळ वाळूत घुसवायचं, पाणी ओसरलं की ते कोरड्यावर उघडं पडतं. गोदी नको, काही नको. आत यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत आणि मला जायचंही नव्हतं. माझा जीव अडकला तो रस्त्याकडेच्या दुकानांत. जहाजातून निघालेलं सगळं इथे विकायला असतं : केबिनची दारं, लाइफ जॅकेटं, ट्रेडमिल, गोल आरसे, कुठल्याशा भाषेतली ‘धूम्रपान करू नये’ची पाटी. पावसामुळे सोफ्यांच्या चळतींवर निळं प्लास्टिक टाकलेलं, त्यावर पाण्याची डबकी, आणि दुकानदार काठीनं ती खालून ढोसून पाणी उडवतोय. मी जाड चिनी मातीचा एक मग घेतला. अर्ध्या पौंडाचा तरी असेल. बोटीवर कलंडू नये म्हणून बूड रुंद.

महुवा, राजुला. इथे हमरस्त्यावर सिंहाच्या चित्राच्या पाट्या लागतात आणि त्या शोभेच्या नाहीत. गीरमधले सिंह ह्या किनारपट्टीत उतरून बरीच वर्षं झाली. 2025 च्या गणनेत गुजरातेत 891 सिंह मोजले गेले आणि त्यांतले पुष्कळ जंगलाबाहेरचे. मला दिसल्या त्या म्हशी. पावसात चिखल आणि माश्यांना कंटाळून त्या डांबरावर येऊन बसतात आणि हॉर्नला अजिबात दाद देत नाहीत.

जाफराबादला मुद्दाम वाकडी वाट केली. हे गाव 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीचं होतं. आपला मुरुडचा सिद्दी! शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना ज्याचा किल्ला काही घेता आला नाही, त्याचाच हा आणखी एक मुलूख, आणि पीक तेच : बोंबील. सीझनला इथे बांबूच्या मांडवांवर बोंबलांच्या रांगा सुकत असतात. पावसाळ्यात मांडव मोकळे, वास मात्र जागेवर.

तिथून उन्याकडे मी आतल्या रस्त्यानं निघाले आणि एका ‘बेठा पुला’शी अडकले. बेठा पूल म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल, ज्याच्यावरून पाणी जाणार हे बांधतानाच गृहीत धरलेलं असतं. दोन्ही कडांना पांढरे खुंट होते. अलीकडच्या खुंटांचा निम्मा भाग दिसत होता, मधल्यांची नुसती टोकं. अशा वेळी माझा नियम साधा आहे : दूधवाल्याकडे बघायचं. मोटारसायकलीला दोन्हीकडे कॅन लावलेला एक जण पलीकडे स्टँड लावून निवांत विडी ओढत होता. म्हणजे थांबायचं. अलीकडे पत्र्याच्या शेडखाली चहाची टपरी होती. टपरीवाल्या काकांनी कपाऐवजी बशीच पुढे केली. काठेवाडात चहा रकाबीतून प्यायचा.

“बेन, एकलां नीकळ्यां छो?”

“हो काका. वडोदराथी.”

त्यांनी गाडीच्या नंबरकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पाण्याकडे. “तो पाणी उतरवा द्यो. दरियो क्यांय नथी जतो.”

समुद्र कुठे पळून जात नाही, ह्याला काय उत्तर देणार? दोन रकाब्या चहा, एक ताटली भजी आणि त्यांच्या मुलीच्या नर्सिंग कॉलेजची सगळी हकिकत होईपर्यंत मधल्या खुंटांचे गुडघे दिसायला लागले. दूधवाल्यानं विडी विझवली, किक मारली. त्याच्या मागोमाग पहिल्या गिअरमध्ये मीही पार झाले.

दीवबद्दल थोडक्यात लिहिते, कारण दीवला सगळेच जातात आणि का जातात ते गुजरातेत सांगावं लागत नाही. 1961 च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगीजांचं असलेलं हे बेट पावसात खरं तर फार देखणं दिसतं. किल्ल्याच्या तटावर लाटा आपटतात, आणि फांद्या फुटलेली होका माडांची झाडं वाऱ्यानं वेडीवाकडी होतात. पण शनिवार होता. नागवा किनाऱ्यावर लाल झेंडे लावलेले, पाण्यात जायला बंदी, आणि तरीही लाइफगार्डशी हुज्जत घालणारे काका-मामा. मी किल्ला बघून बाहेर पडले. उन्याच्या बाजूला एका नारळाच्या वाडीत मालक सांगत होता की 17 मे 2021 च्या रात्री ‘तौक्ते’ वादळ दीव-उन्याच्या मधोमध जमिनीवर आलं, तेव्हा त्याचे निम्म्याहून जास्त माड आडवे झाले. आता नवे लावलेत. कमरेएवढे झालेत.

आणि मग कोडीनार. खरं सांगायचं तर प्रवासी म्हणून बघावं असं गावात काही नाही. बाजारपेठ, ट्रक, जवळ सिमेंटचा कारखाना, मूळ द्वारका नावाच्या जवळच्या गावी समुद्रकाठी जुनं देऊळ आणि त्याच्या शेजारी जेट्टी. पण मी ज्या दुकानात छत्री घ्यायला शिरले (माझी अलंगच्या वाऱ्यात उलटी झाली होती), तिथल्या आजोबांनी बडोद्याचं नाव ऐकताच गल्ल्यावरून उठून खुर्ची दिली. “गायकवाड सरकार!” एवढंच म्हणाले आधी. मग त्यांच्या आजोबांची गोष्ट सांगितली. मुलीला शाळेत पाठवलं नाही म्हणून त्यांना दंड झाला होता. दंड भरला, पुन्हा पाठवलं नाही, पुन्हा दंड. तिसऱ्या वेळी बायकोनं भांडून पोरीची पाटी काढून दिली. ती पोरगी म्हणजे ह्यांची आत्या, पुढे शिक्षिका झाली.

सयाजीराव महाराजांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग 1893 मध्ये आधी अमरेलीत केला, आणि 1906 मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. बडोद्यात ह्याबद्दल भाषणं ऐकून ऐकून आपले कान किटलेले असतात. तो कायदा राजधानीपासून इतक्या लांब, मधली परकी राज्यं ओलांडून, एका छत्रीवाल्याच्या घरात शिरला होता, हे माझ्या डोक्यात त्या दुकानात आलं. महाराजांचे पुतळे मी लहानपणापासून बघतेय. मला विचाराल तर हा दंड त्यांच्यापेक्षा मोठा. आजोबांनी छत्रीचे पैसे घेतले, पण घासाघीस करू दिली नाही.

सोमनाथला नव्या मंदिराची रांग टाळून मी अहल्याबाई होळकरांनी 1783 मध्ये बांधलेल्या देवळात गेले. खालच्या तळघरात पिंड, वर पावसाचा आवाज, गुरुजी मराठी ऐकून “इंदूर?” म्हणाले. मी म्हटलं, बडोदा. चालतं, म्हणाले.

वेरावळच्या बंदरात मात्र मी अख्खा दिवस काढला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते, त्यामुळे शेकडो होड्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या, काही थेट रस्त्याला लागून, ओंडक्यांच्या टेकूवर. जमिनीवर उभी होडी किती उंच असते ह्याची कल्पना पाण्यातून येत नाही. सुकाणू माझ्या डोक्याच्या वर होतं. एक खारवा कारागीर फळ्यांमधली फट भरत होता. कापसाची सैलसर वात, ती फटीवर धरायची, बोथट छिन्नी ठेवायची, लाकडी हातोडा. टक, टक, टक, आणि वात आत गडप. वरून राळेचा काळपट लेप. तो मधूनच थांबून फळीला कान लावून ठोकून बघायचा. आवाज ‘भरलेला’ आला की पुढे. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करायची आणि मग निघायचं, हे इथल्या खारव्यांचं आणि आपल्या कोळ्यांचं सारखंच. बंदरावर त्या दिवशी तीन नंबरचं सिग्नल चढवलेलं होतं, म्हणजे बंदरात वादळी वाऱ्याचा इशारा. गुजराती पेपरात हे ‘तीन नंबरनुं सिग्नल’ पावसाळाभर वाचलं होतं. खांबावर टांगलेलं ते प्रत्यक्ष पहिल्यांदा बघितलं.

वेरावळ ते पोरबंदर ह्या टप्प्यात माधवपूर लागतं, आणि ह्या सबंध रस्त्यातला सर्वांत मोठा तमाशा तिथे आहे. रस्ता वाळूला चिकटून जातो. डावीकडे समुद्र, उजवीकडे घेड. घेड म्हणजे भादर, ओझत ह्या नद्यांच्या मुखाकडचा सखल, बशीसारखा प्रदेश. पूर आला की पाणी आठवडेच्या आठवडे हलत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंना पाणी, डावीकडचं उसळतंय, उजवीकडचं मख्ख. वाऱ्यानं लाटांचे तुषार थेट काचेवर येत होते. हे पावसाचं पाणी नव्हे. वायपर फिरला की काचेवर मिठाचा चिकट पांढरा पट्टा उमटतो आणि समोरचा ट्रक दिसेनासा होतो. वॉशरचं पाणी संपल्यावर मी पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या काचेवर रिकाम्या केल्या. ह्या रस्त्यावर पावसात येणाऱ्यांनी दोन लिटरचा एक कॅन फक्त काचेसाठी ठेवावा.

पोरबंदरला कीर्तिमंदिर, तिथून मियाणी, हर्षद, पवनचक्क्या. मग ओखामंडळाची हद्द, म्हणजे पुन्हा ‘आपला’ मुलूख. इथे ‘आपला’ म्हणताना जरा जपून. 1817 मध्ये इंग्रजांनी हा भाग गायकवाडांच्या हवाली केला, पण इथल्या वाघेरांना तो कारभार कधी मानवला नाही. जोधा माणेक आणि मुळू माणेक ह्यांच्या बंडानं बडोद्याच्या अंमलदारांना पळता भुई थोडी केली होती, आणि आजही त्यांची नावं इथे अभिमानानं घेतात. कोडीनारच्या खुर्चीनं मी जरा फुगले होते; द्वारकेच्या लॉजवाल्यानं मुळू माणेकाच्या गोष्टी सांगून हवा काढली.

द्वारकेत गोमती घाटाच्या पायऱ्यांवर लाटा चढत होत्या आणि पोलीस शिट्ट्या मारत होते. वर भर पावसात अबोटी ब्राह्मण शिखरावर चढून बावन गजांची ध्वजा बदलत होता. खाली आपण छत्री सावरू शकत नाही.

पुढे मिठापूर, 1939 पासून टाटांचं मीठ-सोड्याचं गाव, आणि मग ओखा. हे बंदर बडोदा राज्यानं बांधलं, 1926 मध्ये खुलं झालं. दूरच्या टोकाला स्वतःचं खोल पाण्याचं बंदर असावं, दुसऱ्या कोणाच्या बंदरावर अवलंबून राहायला नको, असा हिशोब. एके काळी बेटाला जायचं तर इथूनच होडी. पावसात ती बंद पडली की यात्रेकरू लटकायचे. फेब्रुवारी 2024 पासून सुदर्शन सेतू झालाय, सव्वादोन किलोमीटरचा, केबलांवर तोललेला. आडव्या वाऱ्यात स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून मी तो ओलांडला, बेटावर उकडलेल्या शेंगा खाल्ल्या आणि आत्याला फोन केला. तिनं पहिला प्रश्न विचारला तो डब्यातला चिवडा संपला का हा. दुसरा, आता कुठे. गायकवाडी किनाऱ्याचा एक तुकडा अजून राहिलाय, बिलीमोऱ्याकडचा. “तिथे मी येते,” आत्या म्हणाली, “पण दसऱ्यानंतर.”

परतीला जामनगर, राजकोट, लिंबडी असा मधला रस्ता धरला. रुंद, सरळ, कोरडा. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.