चिंचोळीच्या शेडमधून फॅटी लिव्हरच्या औषधाकडे

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत आम्ही भाड्याने शेड घेतली ती इंटरमीजिएट, म्हणजे औषध तयार होण्याआधीची मधली रसायनं, बनवायला. आसपासच्या बल्क ड्रग कारखान्यांना थोडाथोडका माल लागायचा, तो करून द्यायचा. काम बरं चालायचं, पण उधारी वसूल करताना दमछाक व्हायची आणि भाव कोणीही येऊन पाडायचं.

मार्च २०२० मध्ये झायडस कंपनीच्या सारोग्लिटाझार या औषधाला भारतात नॅशसाठी, म्हणजे सूज आलेल्या फॅटी लिव्हरसाठी, मंजुरी मिळाली. मधुमेहींच्या रक्तात वाढलेल्या ट्रायग्लिसराइड या चरबीवर ते २०१३ पासून मिळतच होतं. माझी धाकटी बहीण माझी भागीदार आहे, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी झालेली. तिने त्याच्या रेणूची रचना कागदावर काढून पुढे ठेवली आणि आम्लाच्या टोकावर, म्हणजे डोक्यावर, बोट ठेवलं. म्हणाली, "दादा, हे डोकं आपल्याला जमेल."

हे औषध पीपीएआरवर चालतं. पीपीएआर हे पेशीच्या केंद्रकातले रिसेप्टर, म्हणजे रेणू बसला की जनुकं चालू करणारी प्रथिनं. योग्य रेणू आत बसला की हेलिक्स १२ हा तुकडा झाकणासारखा बंद होतो आणि चरबी हाताळणारी जनुकं कामाला लागतात. रेणूचं आम्लाचं डोकं त्या झाकणावरच्या टायरोसीन या अमिनो आम्लाला धरतं : अल्फा प्रकारात ४६४ क्रमांकाचं, गॅमात ४७३. रेणूचा उरलेला भाग, म्हणजे शेपटी, कशी आहे यावर अल्फा किती आणि गॅमा किती हे ठरतं. अल्फा यकृतातली चरबी जाळायला लावतो, गॅमा इन्सुलिनचा परिणाम वाढवतो. पण गॅमाचा जोर जास्त झाला की वजन वाढतं, पाय सुजतात. गॅमावर चालणाऱ्या पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाचा अनुभव तोच. रिसेप्टर चालू करणं त्या मानाने सोपं. कुठला, कुठे आणि किती, खरी विद्या तिथे लागते.

या डोक्यात एका कार्बनवर डावं-उजवं ठरतं आणि आपल्याला त्यातला एस रूपाचाच रेणू हवा असतो. शेवटी एस्टर तोडून आम्ल मोकळं करताना बेस (अल्कली) कडक झाला किंवा तापमान चढलं की दुसरं रूप मिसळायला लागतं. म्हणून बर्फात फ्लास्क, लिथियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, आणि दोन्ही रूपं वेगळी करून दाखवणाऱ्या कायरल एचपीएलसी यंत्रावर दुसऱ्या रूपाचा पीक डोकावतोय का यावर डोळा. कामात लागणारा इथर हा द्रावक ३५ अंशाला उकळतो आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्यामुळे आमचं पहिलं मोठं कर्ज चिलरसाठी होतं.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत नॅशसाठी रेस्मेटिरॉम या दुसऱ्या औषधाला मंजुरी मिळाली. ते थायरॉइडच्या बीटा रिसेप्टरवर चालतं. यकृतात बीटा जास्त, हृदयात थायरॉइडचा अल्फा, म्हणून हृदयाला धक्का न लावता बीटाच निवडायचा. ९६६ जणांच्या चाचणीत १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी जवळपास ३० टक्के रुग्णांचा नॅश ओसरला. नुसती साखरगोळी घेणाऱ्यांत सुमारे १० टक्के. ओबेटिकोलिक ॲसिडला मात्र अमेरिकेने नॅशसाठी २०२० आणि २०२३, दोन्ही वेळा नकार दिला. ते एफएक्सआर या पित्ताम्लांच्या रिसेप्टरवर चालतं; त्याने खाज सुटते, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं. त्या वाटेवरच्या आमच्या ऑर्डरीही थांबल्या.

हे काम मला जवळचं वाटतं त्याला घरचं कारण आहे. आमचे काका माळकरी, दारूचा थेंब शिवले नाहीत. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं तर पाहुण्यारावळ्यांत कुजबुज सुरू झाली. मधुमेह आणि पोटाचा घेर यांनीही हा आजार होतो, हे त्या वेळी घरोघरी जाऊन सांगावंसं वाटलं.

सध्या आम्ही तेच डोकं ठेवून शेपट्या बदलतोय. रेणू आधी संगणकावर रिसेप्टरमध्ये बसवून बघतो, मग मिलिग्रॅमच्या कुप्या चाचणीला पुण्याला पाठवतो. सोलापूर विद्यापीठातल्या केमिस्ट्रीच्या मुलामुलींना हे शिकायचं असेल तर शेडवर या. कायरल कॉलम कसा चालवतात ते बहीण स्वतः दाखवते.