आधी बसू दे, मग आवळ

रविवार, रात्र. नौपाडा, ठाणे.

बुलेटचं मागचं चाक आज बसलं. हाताला अजून ग्रीसचा वास आहे आणि नखांतला काळा मळ काही निघालेला नाही, पण झोपण्याआधी सगळं लिहून ठेवायचंय. पुन्हा कधी चाक उघडायची वेळ आली तर हे पान हाताशी असेल.

गाडी नानांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची. १९८४ची साडेतीनशे, कास्ट आयर्न इंजिनाची. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. वागळे इस्टेटमधली फिटरची सगळी नोकरी नानांनी हिच्यावरूनच ये-जा करत केली. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून गाडी जिन्याखाली उभी होती. आता आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, दिवाळीच्या आत जागा रिकामी करायची आहे. घरात बहुतेकांचं मत पडलं की भंगारात देऊन टाका. मला ते पटलं नाही. गाडी इथून जाईल ती स्वतःच्या चाकांवर जाईल, असं मी सगळ्यांसमोर सांगितलं. नाना तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माळ्यावरून पान्यांची पेटी काढायला लावली.

सुरुवात मागच्या चाकापासूनच करायची, हा नानांचा आग्रह. पटण्यासारखा आहे. इंजिनाची ओढ, मागे बसणाऱ्याचं वजन, चेन, ब्रेक, सगळं त्या एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकाच्या मधल्या दांड्यावर, येऊन पडतं. शिवाय बुलेटची एक खासियत आहे: मागच्या ब्रेकचा ६ इंची ड्रम आणि चेनचं ३८ दात्यांचं स्प्रॉकेट एकाच तुकड्यात. १९५५ साली मद्रासला बुलेट बनवणारी एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, इंग्लंडहून आलेले सुटे भाग जोडून गाड्या बनू लागल्या, आणि त्या काळची रचना फारशी न बदलता वर्षानुवर्षं चालत राहिली. त्यामुळे दाते झिजले की चांगला ड्रमही जातो, आणि ड्रम खराब झाला की चांगले दाते. आपल्या ड्रमचे दाते अजून सरळ आहेत, आकड्यासारखे वळलेले नाहीत. नाना चेन नेमाने रॉकेलमध्ये धुऊन तेल लावायचे, त्याचं हे फळ. बाजारात नवा ड्रम मिळतो, पण जुना ठीक असताना तो बदलायचा नाही यावर आम्हा दोघांचं एकमत आहे.

स्पोक मात्र सगळे नवे घातले. ठाण्याला खाडीची हवा, त्यात पावसाळा. गंज आधी धरतो तो निपलपाशी, म्हणजे स्पोकला रिमशी धरणाऱ्या छोट्या नटापाशी, जिथे पाणी साचून राहतं. वरून चकचकीत दिसणारे स्पोक निपल फिरवायला गेले की तुटत होते. रिम राबोडीतल्या एका चाचांकडून बांधून आणली. अर्धा तास स्टुलावर बसून त्यांचं काम बघितलं. आधी सगळे स्पोक नुसते ओवले, निपल बोटांनी फिरतील तेवढेच. मग सगळ्यांना थोडं थोडं, समोरासमोरचं धरत. मग रिमच्या कडेशी खडू धरून चाक फिरवलं. खडू घासला तिथे आऊट, म्हणजे रिम वाकडी. रिम डावीकडे आणायची तर डाव्या बाजूचे स्पोक आवळायचे आणि तेवढेच उजवीकडचे सैल करायचे. एकच बाजू ओढत गेलं की आऊट निघतो पण रिम ताणाखाली राहते. वर-खाली आऊट वेगळा, तो आधी काढायचा. शेवटी पान्याने प्रत्येक स्पोकवर टकटक. सैल स्पोक बद्द वाजतो, ते मलाही ऐकू आलं. निपलच्या वर आलेली स्पोकची टोकं त्यांनी कानशीने घासून दिली, म्हणजे ट्यूबला टोचणार नाहीत.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडल्यावर खरी गोष्ट कळली. दोन बेअरिंगच्या मध्ये जो नळीसारखा स्पेसर असतो तो जागेवर नव्हताच. गाडी उभी करण्याआधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये चाक उघडलं गेलं होतं. तिथे तो हरवला असणार, आणि त्याच्याऐवजी वॉशर रचून ठेवले होते. हा स्पेसर म्हणजे क्षुल्लक तुकडा वाटतो, पण अ‍ॅक्सल आवळल्यावर दोन्ही बाजूंचा दाब बेअरिंगच्या आतल्या रिंगांमधून याच नळीवर येतो. नळी नसेल किंवा केसभर आखूड असेल तर तो दाब बेअरिंगमधल्या गोळ्यांवर आडवा पडतो. मग चाक जड फिरतं, बेअरिंग तापतं, आणि गॅरेजवाला आपल्याला नवीन बेअरिंग विकतो. नाना गाडीला हात लावून म्हणाले, "म्हणूनच ही शेवटी शेवटी ओढत नव्हती. मी आपला कार्ब्युरेटरच्या मागे लागलो होतो."

नवा स्पेसर वागळे इस्टेटमधल्या एका लेथवर करून आणला. माप नानांनी घेतलं. हात थरथरतो, तरी व्हर्निअर धरला की हात स्थिर होतो. मला ते बघून इतकं बरं वाटलं. हबमध्ये बेअरिंगच्या दोन बैठकींमधलं अंतर वेगवेगळ्या जागी मोजलं, आणि नळी अगदी बारीकशी लांब ठेवायला सांगितली. लांब चालते, आखूड चालत नाही.

बेअरिंग काल रात्रभर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली होती, मटारच्या शेजारी. थंडीने ती किंचित आकसतात. हब उन्हात तापलेला. पहिलं बेअरिंग जुन्या सॉकेटचा आधार घेऊन हलक्या हाताने ठोकलं, आणि ठोकायचं ते फक्त बाहेरच्या रिंगवर. आतल्या रिंगवर ठोकलं तर नवं बेअरिंग बसतानाच मेलं म्हणून समजायचं. टणटण आवाज येत होता तो मध्येच घट्ट, भरीव झाला. "बसलं," नाना खुर्चीतूनच म्हणाले.

कुश रबर बसवायला वेळ लागला. हब आणि ड्रमच्या मध्ये ही रबरं असतात, इंजिनाचा धक्का आधी ती खातात, मग तो चाकाला पोचतो. जुनी रबरं दगड झाली होती. नवी इतकी तंग की ड्रम आत जाईना. शेजारचे काका ग्रीस लावा म्हणत होते. ग्रीसने रबर फुगतं आणि कुजतं. साबणाचं पाणी लावलं आणि ड्रम तळव्याने दाबत, थोडा उलटसुलट फिरवत आत घातला.

ब्रेक शूंवरचे जुने लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे पट्टे, काढून टाकले. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, त्यामुळे ड्रममधली धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. नानांच्या पिढीने ही धूळ तोंडाने फुंकली. कोणी सांगणारं नव्हतं. शू फाकवणाऱ्या ब्रेकच्या कॅमला ग्रीस लावलं ते नखावर मावेल इतकंच, जास्त झालं तर तापून लायनरवर येतं.

मग चाक गाडीत. मेन स्टँडखाली फळी सरकवली, चाक खालून आत घेतलं. अ‍ॅक्सल, बुश, दोन्ही चेन अ‍ॅडजस्टर, ब्रेक प्लेटला फिरू न देणारा अँकर, ब्रेक रॉड, चेन. इथे माझा हात आपोआप पान्याकडे गेला, तेव्हा नाना म्हणाले, "अगं, आवळायचं नाही अजून. सगळं सैल राहू दे. आधी बसू दे, मग आवळ."

आजच्या दिवसात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हे. एखादा नट आधीच आवळला की बाकीच्या गोष्टी त्याच्या कलाने बसतात, आणि कुठे काय वाकडं आहे ते झाकलं जातं. सगळं सैल असताना चाक आपणच सांगतं. आमचं चाक डाव्या बाजूला अडत होतं. आवळलं असतं तर कळलंच नसतं. बघितलं तर उजवीकडचा बुश उलटा, त्याची पायरी बाहेरच्या बाजूला आली होती. तो फिरवला आणि चाक मध्ये आलं.

चेनची दोन टोकं जोडणाऱ्या लॉकची बंद बाजू चेन ज्या दिशेने पळते तिकडे. वरच्या पट्टीत असताना बंद बाजू पुढे, उघडी मागे. उलटं बसवलं तर कशाला तरी घासून लॉक निसटू शकतं.

अ‍ॅडजस्टरच्या चकत्या गोगलगाईच्या शंखासारख्या वळत गेलेल्या, कडेला खाचा. दोन्हीकडे सारखी खाच धरली की चाक सरळ, असं पुस्तकात असतं. चाळीस वर्षं खड्डे खाल्लेल्या स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या चौकटीवर, त्याचा भरवसा धरू नये. नानांनी दोरा काढायला लावला. बुलेटच्या या मॉडेलला पुढे-मागे दोन्ही टायर ३.२५-१९, म्हणजे जाडीला सारखे, त्यामुळे हिशेब सोपा: मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून ताणलेला दोरा पुढच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकला पाहिजे. दुसऱ्या बाजूनेही तसंच. आमच्याकडे उजवीकडे एक खाच जास्त लागली.

चेनचा झोल स्टँडवर बघून भागत नाही. गाडीवर माणूस बसलं की स्विंगआर्म वर जातो आणि चेन ताणली जाते. "कोणीतरी बसायला हवं," मी म्हटलं आणि यांना हाक मारणार तेवढ्यात नाना खुर्चीवरून उठले. "मी बसतो." गुडघ्यांचं काय, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. यांनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. पाय पलीकडे टाकताना त्यांचा श्वास लागला. बसल्यावर हँडल धरलं, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "मोज आता." मी गाडी थोडी थोडी पुढे सरकवत चेन सगळीकडे तपासली, कारण जुन्या चेनला एक जागा नेहमी जास्त तंग असते आणि झोल तिथेच मोजायचा. तिथे साधारण २५ मिलिमीटर ठेवला.

त्यांना उतरवल्यावर शेवटचं आवळणं. डाव्या पायाने ब्रेक पूर्ण दाबून धरायचा आणि तसाच धरून अ‍ॅक्सलचा नट आवळायचा. ब्रेक दाबला की दोन्ही शू ड्रमला टेकतात आणि ब्रेक प्लेट स्वतःहून मध्यावर येते. मग आवळलं की ती तिथेच राहते. त्यानंतर अँकरचा नट. हा विसरला तर ब्रेक दाबल्याबरोबर प्लेटच फिरेल आणि चाक जाम होईल, त्यामुळे तो आवळून झाल्यावर मी यांनाही तपासायला लावला. मग चाक हाताने फिरवलं. सैल असताना जसं फिरत होतं तसंच फिरलं, जराही जड नाही. स्पेसरचं माप बरोबर होतं.

संध्याकाळी उघडीप होती. तलावपाळीला एक फेरी मारून आले, हळू. लायनर नवे आहेत, अजून ड्रमला बसायचे आहेत. परत आल्यावर ड्रमला हात लावला: कोमट. स्पोकवर पुन्हा टकटक केलं, एक निपल थोडा फिरवावा लागला. दोनेकशे किलोमीटर झाल्यावर सगळे परत बघायचे.

नाना तोवर पुढच्या चाकाशी उभे होते. मला म्हणाले, वरून-खालून धर आणि हलव. हलवलं. हाताला खळखळ लागली, अगदी थोडी, पण लागली.

"हेही त्यांनीच उघडलं होतं," नाना म्हणाले. पुढच्या रविवारी पुढचं चाक.