तणमोराची उडी आणि फवारणीचा पंप

वाशिम जिल्ह्यातल्या त्या गवताळ माळावर ऑगस्टमधली सकाळ ढगाळ होती, आणि आभाळ भरलेले असले की तणमोर या पक्ष्याचा नर मादीला खुणावणाऱ्या उड्या दिवस चढल्यावरही मारत राहतो, म्हणून आम्ही दहानंतरही दबा धरून बसलो होतो. नर गवतातून सरळ वर उसळतो, मान मागे टाकतो, सायकल चालवल्यासारखे पाय मारतो आणि पंख अर्धवट मिटून खाली येतो. त्या उडीबरोबर बेडकाच्या डराव-डरावीसारखा जो आवाज येतो, तो गळ्यातला नसून पंखांचा असतो. नराच्या पंखाची बाहेरची तीन पिसे बारीक आणि टोकदार असतात.

माझे काम ध्वनिमुद्रणाचे आहे. पक्षी शंभर मीटरवर असला तर आवाज आपल्यापर्यंत जवळजवळ 0.3 सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला 240 चौकटी (फ्रेम) टिपणाऱ्या चित्रणात तो सुमारे 70 चौकटी मागे पडतो. अंतर मोजून हा फरक काढल्याशिवाय आवाज आणि पंखांची फडफड जुळत नाही. पण एवढे कष्ट न घेता जोडलेल्या चित्रफिती दाखवून आवाज गळ्यातलाच असल्याचे ठासून सांगणारे जाणकार मी पाहिले आहेत.

आमच्यासोबतचे फासेपारधी काका प्रत्येक उडी माझ्या हेडफोनच्या आधी ओळखत होते. साडेदहाला शेजारच्या सोयाबीनमध्ये फवारणीचा पेट्रोल पंप सुरू झाला. नर थांबला नाही. पुढच्या चाळीस मिनिटांत त्याने अकरा उड्या मारल्या, त्या दुर्बिणीतून स्वच्छ दिसल्या, पण मुद्रणात पंपाच्या घरघरीखाली एकही सापडत नाही. काका म्हणाले, "आपल्याला ऐकू येत नाही, तर मादीला काय येणार?" मादी पंपापेक्षा नराच्या जवळ बसली असेल तर तिला येईलही, असे मी म्हणालो; पण गवतात दडलेली मादी त्या दिवशी आम्हाला दिसलीच नव्हती, त्यामुळे माझ्या उत्तराला आधार नव्हता.

गणना उडणाऱ्या नरांवरूनच होते, आणि 2021 पासून हा पक्षी अतिसंकटग्रस्त मानला जात असताना आमच्या तक्त्यात उड्यांचा रकाना आहे, आवाजाचा नाही. मी अकरा हा आकडा भरला आणि पंपाची वेळ शेऱ्यात लिहिली. सगळे तक्ते एकत्र करताना शेऱ्याचा रकाना वगळला जातो, हे मला पुढच्या महिन्यात कळले.