ओबडधोबड दिसतं, पण…

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. ऑफिसची नोकरी सोडून मी ऑर्डरप्रमाणे रस्टिक, म्हणजे लाकडाचा मूळचा आकार राखलेलं फर्निचर करायला लागलो, तेव्हापासून हा प्रश्न फिरून फिरून येतो: "आम्हालाही हेच करावंसं वाटतं. ओबडधोबडच तर करायचं असतं, मग नोकरी सोडून लगेच सुरुवात केली तर जमेल ना?"

जमेल, पण लगेच नाही.

झाडाची मूळची कड, गाठी, वेडीवाकडी फांदी तशीच ठेवलेली दिसली की बघणाऱ्याला वाटतं, इथे मापाला काही काम नसावं. चौकोनी पायाला गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) टेकवायला सरळ बाजू तरी असते. फांदीच्या पायाला ती नसतेच. मग दोन्ही टोकांवर मध्य ठरवायचा, त्यावरून रेघ धरायची आणि कुसवाचं, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणाऱ्या टोकाचं प्रत्येक माप तिथून घ्यायचं. बाकावर चार माणसं बसली की सगळा भार त्या सांध्यावर येतो, आणि सांधा ढिला असेल तर लाकूड कितीही देखणं असो, बाक डुगडुगतोच. म्हणून कुणी शिकायला आलं की मी आधी सरळ फळ्यांचं साधं स्टूल करायला सांगतो. पटाशीला धार लावता येत नसेल तर स्टुलाच्याही आधी धार लावायला शिकायचं.

मग लाकडाचा स्वभाव. ओलं लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आक्रसत नाही. खोडातल्या वलयांच्या कडेकडेने ते जेवढं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीकडे, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून रुंद फळी पन्हळीसारखी वाकते. टोकांकडून ओल भराभर उडते, तिथे चिरा पडतात. कापल्या कापल्या टोकांना मेण किंवा रंग फासायचा तो यासाठी. बरं, वाळल्यावरही हवेतल्या दमटपणाबरोबर फळी रुंदीत फुगते, आक्रसते. टेबलाची वरची फळी चौकटीला आवळून टाकली तर ती कधीतरी फाटणार. स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवली की तिला हलायला जागा मिळते. साल मात्र मी काढूनच टाकतो. ग्राहकांना ती आवडते, पण तिच्याखाली किडे राहतात आणि पुढे ती सुटून येते.

लाकडाची मूळची कड राखून फर्निचर करणारे जपानी वंशाचे अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा मुळात आर्किटेक्ट होते. १९३०च्या दशकात त्यांनी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमातल्या गोलकोंडे इमारतीवर काम केलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं; तिथेच ते एका जपानी पद्धतीच्या सुताराकडून हातकाम शिकले. चीर गेलेली फळी ते टाकून देत नसत. चिरेवर फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवून ती धरून ठेवत आणि चीर उघडी दिसू देत. मला ते फार मोठं वाटतं. आर्किटेक्टची नजर त्यांच्या फर्निचरमध्ये शेवटपर्यंत दिसते.

तुमचंही जुनं काम असंच उपयोगी पडेल. मी नोकरीत लोकांच्या गरजा ऐकून लिहून घ्यायचो, आजही ऑर्डरची सुरुवात तिथूनच होते. टेबलावर कोण बसणार, जेवायला की लिहायला, खुर्च्या किती उंच, जिना वळतो कुठे, दरवाजातून आत जाईल का? रेखाटनावर ग्राहकाची सही झाल्याशिवाय मी करवत उचलत नाही.

आता नोकरीचं. उघड्या हवेवर वाळवताना इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा ढोबळ हिशेब असतो. घरात ठेवायच्या वस्तूसाठी ओलावा ८ ते १२ टक्क्यांपर्यंत यायला हवा, आणि ते ओलावा मोजायचं मीटर लावूनच बघावं. दोन इंची फळ्या आज मध्ये पट्ट्या घालून रचून ठेवल्यात तर हाताशी दोनेक वर्षं आहेत. तेवढ्यात पगार चालू ठेवा, सुट्टीच्या दिवशी सांधे करत राहा, ओळखीच्यांना वस्तू करून द्या. ओळखीपाळखीबाहेरच्या माणसाने पैसे मोजून एक वस्तू नेली आणि पुन्हा येऊन दुसरी मागितली, की राजीनाम्याचं बोला.