तुम्ही विचारलंत म्हणून: पंचविसाव्या मिनिटाला बाहेर गेलेला माणूस

रविवारी सकाळी पोरांचा सराव संपतो, पाण्याच्या बाटल्या फिरतात आणि कुणीतरी हमखास विचारतं, "सर, तुमचा फेव्हरेट प्लेअर कोण?" आमच्या कोल्हापुरात हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. वर्ल्ड कप आला की पेठापेठांत ब्राझीलचे नाहीतर अर्जेंटिनाचे झेंडे चढतात. त्यामुळे विचारणाऱ्याला खरं तर मी कुठल्या पार्टीचा आहे, एवढंच हवं असतं.

मी सांगतो, "ग्रिगेरा."

"कोण?"

"झ्देन्येक ग्रिगेरा. चेक प्रजासत्ताक. राइट बॅक."

राइट बॅक म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू. मग मोबाइल निघतो, स्पेलिंग विचारलं जातं आणि एखादा तोंड पाडून म्हणतो, "सर, देशासाठी पासष्ट मॅचमध्ये दोनच गोल हायत की."

आहेत दोनच. तरीही माझं उत्तर वीस वर्षं बदललेलं नाही. पोरांसमोर ते मी हसण्यावारी नेतो. तुम्ही हाच प्रश्न मनापासून विचारलात, म्हणून तुम्हाला सवडीने सांगतो.

१९ जून २००४, शनिवार. पोर्तुगालमध्ये युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा, चालू होती. आपल्याकडे सामना रात्री सव्वाबाराला, म्हणजे खरं तर तारीख उलटून गेलेली. घरातले झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद. आवेरोच्या मैदानावर नेदरलँड्स विरुद्ध चेक. चौथ्या मिनिटाला डचांच्या आर्येन रॉबेनच्या फ्री किकवर बाउमाने हेडरने पहिला गोल केला. एकोणिसाव्या मिनिटाला रॉबेननेच दिलेल्या चेंडूवर व्हॅन निस्टलरॉयने दुसरा. रॉबेन तेव्हा वीस वर्षांचा होता आणि डाव्या बाजूने असा सुटत होता की बघणाऱ्याच्याही पोटात गोळा यावा. त्याच्यासमोर चेक संघाचा राइट बॅक होता ग्रिगेरा.

तेविसाव्या मिनिटाला डच कोकूच्या पायातून चेंडू निसटला, चेकच्या बारोशने तो पळवला आणि यान कोलरने एक गोल फेडला. २-१. आता जरा सावरून खेळतील असं वाटत असतानाच बाजूला फलक वर गेला. पंचविसावं मिनिट. ग्रिगेरा बाहेर, व्लादिमीर श्मित्सर आत. दुखापत नाही, कार्ड नाही. प्रशिक्षक कारेल ब्रुकनर, पांढऱ्याशुभ्र केसांचे गृहस्थ, यांनी एक बचावपटू कमी करून एक आक्रमक मध्यरक्षक वाढवला होता. गोलने मागे असताना मागची भिंत पातळ करायची, आणि तीही सामन्याचा पाऊण भाग शिल्लक असताना, याला छाती लागते.

पुढचं फुटबॉलवाल्यांना पाठ आहे. डच प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट यांनी अठ्ठावन्नाव्या मिनिटाला रॉबेनला काढून बचावाचं भान असलेला बॉसव्हेल्ट आत आणला आणि त्यांच्याच प्रेक्षकांनी नाराजी दाखवली. एकाहत्तराव्या मिनिटाला चेकच्या नेद्वेदचा क्रॉस (बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू), कोलरने छातीवरून उतरवून दिला आणि बारोशने तो हवेतच फटकावला. २-२. डचांचा हायटिंगा दुसरं पिवळं कार्ड घेऊन गेला. नेद्वेदचा लांबून मारलेला चेंडू क्रॉसबारवर दणकला. आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला पोबोर्स्कीने आडवा सरकवलेला चेंडू रिकाम्या जाळीत ढकलला तो श्मित्सरने. ग्रिगेराच्या जागी आलेल्या माणसाने.

या सामन्यावर आजवर जे काही लिहिलं-बोललं गेलं, ते सगळं दोन प्रशिक्षकांबद्दल. एकाने धाडस केलं, दुसरा घाबरला. रॉबेनला काढलं याची हळहळ डच लोक अजून करतात. पण त्या रात्री रॉबेनच्या आधी तेहतीस मिनिटं एक माणूस बाहेर गेला होता, त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. रॉबेनला काढणं चूक ठरलं, म्हणून ते दुःख मोठं. ग्रिगेराला काढणं बरोबर ठरलं. बरोबर ठरलेल्या निर्णयाचं दुःख कुणाला सांगायचं?

बरं, त्या स्पर्धेत हे पहिल्यांदा घडत नव्हतं. चार दिवस आधी त्याच आवेरोत लाटवियाविरुद्ध चेक मागे पडले होते, तेव्हाही ग्रिगेराला काढून मारेक हाइन्झ आला. विजयी गोल कुणी केला? हाइन्झने, पंच्याऐंशीव्या मिनिटाला. सलग दोन सामने. दोन्हींत ग्रिगेरा बाहेर, दोन्हींत त्याच्या जागी आलेल्याने सामना जिंकून दिला. एखाद्याने मनाला लावून घेतलं असतं.

आता हा माणूस होता कोण, तेही सांगतो. १४ मे १९८० चा जन्म, मोराव्हियातल्या प्शिलेपी नावाच्या गावचा. त्याची सुरुवात झ्लिनच्या संघातून झाली. झ्लिन म्हणजे बाटाचं गाव. होय, तोच बाटा. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी आई आपल्याला ज्यांच्या दुकानात काळे बूट घ्यायला न्यायची. त्या कारखान्याचं सरकारीकरण झाल्यावर त्याचं नाव स्वित झालं आणि फुटबॉल संघालाही तेच नाव होतं. बाटा मराठीच आहे असं अर्धं कोल्हापूर समजून चालतं, त्यांना हे सांगितलं की मजा येते. तिथून ग्रिगेरा द्रनोवित्सेला गेला, मग स्पार्ता प्रागला, आणि २००३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आयॅक्सला.

म्हणजे आवेरोतली ती रात्र परत बघा. तो नोकरीला होता हॉलंडमध्ये. नुकतीच आयॅक्सबरोबर डच लीग जिंकलेली. समोर खेळणारा हायटिंगा हा क्लबातला जोडीदार. सुट्टी संपली की त्याच ड्रेसिंग रूममध्ये जायचं आणि "पंचवीस मिनिटं खेळलास ना रे तू?" हे ऐकायचं. असं कुणी म्हणालं की नाही, देव जाणे. आमच्या तालमीत मात्र म्हणाले असते, वर्षभर म्हणाले असते.

पण १ जुलैला पोर्तोत ग्रीसविरुद्ध उपांत्य सामना झाला, तेव्हा पहिल्या अकरांत उजवीकडे पुन्हा ग्रिगेराच उभा होता. हे मला सगळ्यात आवडतं. ब्रुकनरनी त्याला काढलं ते चिडून नव्हे, आणि परत घेतलं ते दयेने नव्हे. त्या सामन्यात नेद्वेद गुडघा धरून पहिल्याच अर्ध्यात गेला, शंभर मिनिटं कुणाचाच गोल झाला नाही, आणि जादा वेळेचा पहिला भाग संपता संपता कॉर्नरवर ग्रीसच्या देल्लासचं डोकं लागलं. तेव्हा सिल्व्हर गोलचा नियम होता: जादा वेळेच्या मध्यंतराला जो पुढे, तो जिंकला. फेडायला वेळच उरला नाही. तो नियम त्या स्पर्धेनंतर मोडीत निघाला. चेक लोकांना त्याचा काय उपयोग? इतका देखणा संघ माझ्या पाहण्यात क्वचितच आला आणि त्याने चषक उचलला नाही.

बॅकचं काम आमच्याकडे अजून नीट कळत नाही. पोराला मागे खेळ म्हटलं की त्याला शिक्षा वाटते. २००६ च्या वर्ल्ड कपात चेकने अमेरिकेला ३-० हरवलं, त्यातला पाचव्या मिनिटाचा कोलरचा हेडर सगळ्यांना आठवतो. तो क्रॉस उजवीकडून ग्रिगेराने दिला होता. मी पोरांना तोच दाखवतो. नुसता पळत जाऊन मारलेला नाही, मान वर करून, दोन मीटरचा तो ताडमाड माणूस कुठे आहे हे बघून दिलेला आहे. कोलरला क्रॉस द्यायला काय, उंच टाकला की झालं, असं एक पोरगं म्हणालं होतं. त्याला मी वीस क्रॉस मारायला लावले. त्यातले तीन आत पडले.

२००७ मध्ये तो इटलीतल्या युव्हेंटस क्लबला गेला. क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीची शिक्षा भोगून वर आलेला आणि नेद्वेद तिथे आधीपासून होताच. चार वर्षं तिथे काढली. एप्रिल २००९ मध्ये इंटर मिलानविरुद्ध भरपाई वेळेत त्याने हेडरने बरोबरीचा गोल केला, तो बहुधा त्याच्या क्लब कारकिर्दीतला सगळ्यात मोठा क्षण. पण त्या सामन्याचं नाव निघतं ते बालोटेल्लीला प्रेक्षकांतून दिल्या गेलेल्या वर्णद्वेषी घोषणांमुळे. आठवणीच्या बाबतीत या माणसाचं नशीबच तसं.

आणि मग जिनिव्हा. १५ जून २००८, युरोतला तुर्कस्तानविरुद्धचा गटातला शेवटचा सामना. दोन्ही संघ सगळ्या बाबतीत इतके सारखे होते की बरोबरी झाली असती तर गटातच पेनल्टी मारायची वेळ आली असती. चौतिसाव्या मिनिटाला ग्रिगेराचा क्रॉस, कोलरचा हेडर. बासष्टाव्या मिनिटाला प्लाशिलचा दुसरा. २-०. आवेरोत जे डचांनी मिळवलं होतं, तेच आता चेकच्या हातात, आणि बाकावर तेच ब्रुकनर. तुर्कस्तानच्या अर्दाने पंचाहत्तराव्या मिनिटाला एक फेडला. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला पेत्र चेखच्या, तेव्हाच्या जगातल्या सर्वोत्तम गोलकीपरांपैकी एकाच्या, हातातून साधा क्रॉस निसटला आणि निहातने तो आत ढकलला. दोन मिनिटांनी निहातचाच वळवलेला फटका क्रॉसबारच्या खालून जाळीत. २-३. ब्रुकनरांची चेक संघाबरोबरची कारकीर्द तिथेच संपली.

या सामन्यात ग्रिगेराला कुणी काढलं नाही. तो शेवटपर्यंत मैदानात होता. जिंकलेल्या सामन्यात पंचवीस मिनिटं आणि हरलेल्या सामन्यात पूर्ण नव्वद, यातलं काय घ्याल, असं कुणी मला विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही.

शेवट फार भराभर झाला. २०११ मध्ये लंडनला, फुलमला. नोव्हेंबरमध्ये टॉटनहॅमविरुद्ध गुडघ्याचा लिगामेंट गेला आणि डिसेंबर २०१२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, त्याने थांबत असल्याचं सांगितलं.

आता माझं. मी राइट बॅक होतो. आमच्या पेठेच्या संघातून, शाहू स्टेडियमवर, साधारण नव्वदच्या दशकाच्या मध्यात. एका नॉकआउट सामन्यात समोरचा लेफ्ट विंगर मला दोनदा उघडा पाडून गेला. नाव नाही घेत, आता तो माझ्याच गल्लीत राहतो आणि भेटला की चहा पाजतो. वीस मिनिटांत एक गोल खाल्ला. बाहेरून आवाज आला, "तू ये बाहेर." मला वाटलं दुसऱ्या कुणाला. पुन्हा आवाज आला, या वेळी नावासकट, आणि वर एक शिवी.

माझ्या जागी जायचा होता तो पोरगा आठ नंबरचा. बूटही आठ नंबरचे. पण त्याच्या उजव्या बुटाचा तळ आदल्या दिवशी उघडला होता, सुतळीने बांधून आणला होता. आमच्यात तेव्हा बुटांचा एकच जोड दोघांनी वापरणं काही नवीन नव्हतं. मी लाइनीबाहेर मातीत बसलो, माझे बूट काढले आणि त्याला दिले. नाडी ओली झाल्यामुळे गाठ सुटत नव्हती, तेव्हा त्याने वाकून दाताने सोडवली. प्रेक्षक ओरडत होते, लवकर कर म्हणून. मग तो पळत आत गेला आणि मी मोज्यांवर बसून राहिलो.

आम्ही जिंकलो. त्याने गोल वगैरे केला नाही, पण त्या विंगरला पुढे एक चेंडू मिळू दिला नाही. लोक त्याला उचलून घेऊन नाचत स्टेडियमच्या दारापर्यंत गेले, बूट त्याच्या पायातच. मी अनवाणी घरी आलो.

रात्री अकराला तो दारात आला. बूट धुतलेले होते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते, आणि जी नाडी त्याने दाताने सोडवली होती ती बदलून नवी घातली होती. आईने त्याला जेवायला बसवलं.